एप्रिलचा आकडा

नवीन पनवेलला स्टेशनजवळ कृष्णकांत ठोसरांचं शेअर दलालीचं छोटं ऑफिस होतं. तूबा तिथे कामाला लागली ती कॉलेज संपल्या संपल्या. एक्सेलमध्ये तिचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

ठोसरांनी तिला एक काम दिलं. "कंपनी यंदा एका शेअरमागे किती कमावेल, याचे अंदाज मोठमोठे अ‍ॅनालिस्ट वर्षाच्या सुरुवातीला, एप्रिलमध्ये देतात. पुढे ते खरे ठरतात का, हे आपल्याला दिसलं पाहिजे."

तूबाने शीट बांधलं. एका पानावर दर महिन्याला वेबसाइटवरचे अंदाज आणून चिकटवायचे. दुसऱ्या पानावर व्हीलूकअपचा फॉर्म्युला ते उचलून प्रत्येक कंपनीसमोर मांडायचा: एप्रिलचा अंदाज, शेजारी खरी कमाई, त्याच्या शेजारी दोन्हींतला फरक. फरक अगदी थोडा निघाला. अ‍ॅनालिस्ट जवळजवळ कधीच चुकत नाहीत, असं शीट सांगत होतं. येईल त्याला ठोसर ते कौतुकाने दाखवू लागले.

पटलं नाही ते फक्त सुमती घरत यांना. ऑफिस उघडलं तेव्हापासून गिऱ्हाइकांचं सगळं त्याच बघत. एके दुपारी मुनाफचाचा आले होते. कुवेतहून कायमचे परतलेले, एका टायर कंपनीचे शेअर घ्यायचे मनात होते.

"चाचा, घाई करू नका," सुमतीताई म्हणाल्या. "ही माणसं एप्रिलमध्ये फुगवून सांगतात आणि मग हळूहळू खाली येतात. याच कंपनीला गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बेचाळीस रुपये म्हणत होते. झाले चौतीस."

तूबाने स्क्रीन वळवली. "ताई, बेचाळीस नाही. पस्तीस. हे बघा."

"पस्तीस कसं असेल? मला चांगलं आठवतंय."

"मग दुसरी कुठली कंपनी आठवते, सांगा."

सुमतीताईंनी एका सिमेंट कंपनीचा आकडा सांगितला. शीटमध्ये वेगळा होता. मग एका औषध कंपनीचा सांगितला, तोही वेगळाच. मुनाफचाचांना हसू आलं. तूबाला जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि त्या भरात ती बोलून गेली, "ताई, तुम्हाला हल्ली आठवत नाही. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या ना."

सुमतीताईंच्या आईला शेवटी पोटची मुलंही ओळखू येत नव्हती. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. तूबालाही.

त्यानंतर सुमतीताई बदलल्या. फोनवर सांगितलेला भाव पुन्हा फोन करून विचारू लागल्या. कुलूप लावलं का, ते बघायला जिन्यावरून परत येऊ लागल्या. मुंबईला जाऊन डोक्याचा फोटो काढून आल्या. डॉक्टर म्हणाले, काही नाही. त्यांना ते खरं वाटलं नाही. दिवाळीनंतर ठोसरांना म्हणाल्या, "माझ्या हातून कुणाचं नुकसान व्हायच्या आत मी थांबते." आणि थांबल्या.

मग एका सकाळी तूबा नेहमीप्रमाणे नवे अंदाज चिकटवत होती. मॉनिटरवर दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडी होती. तिने पेस्ट केलं आणि एप्रिलच्या रकान्यातले आकडे तिच्या डोळ्यांदेखत बदलले.

तिने अनडू केलं. जुने आकडे परत आले. पुन्हा पेस्ट केलं, पुन्हा बदलले.

एप्रिलचा अंदाज तिने कधी साठवलाच नव्हता. रकान्याला नाव एप्रिलचं होतं, आत नुसता फॉर्म्युला. तो पहिल्या पानावर त्या क्षणी जे असेल ते आणून ठेवायचा. आणि पहिल्या पानावर असायचे ते ताजे, निकाल तोंडावर आल्यावर कापून खाली आणलेले अंदाज. मग फरक थोडाच निघणार.

तिने इंटरनेटवर त्याच एप्रिलमधल्या बातम्या शोधल्या. टायर कंपनी: बेचाळीस. सिमेंट आणि औषधांचे आकडेही सुमतीताईंनी सांगितले होते तेच. तूबाचे कान तापले. समोर ठोसर फोनवर हसत बोलत होते. कुणाला काही कळलं नव्हतं. फॉर्म्युला गुपचूप दुरुस्त केला असता, तर कळलंही नसतं. हे तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याचीच तिला जास्त शरम वाटली.

दुपारी ती खांदा कॉलनीत सुमतीताईंच्या दारात उभी राहिली. आत बसवल्यावर तिने खाली बघत सगळं सांगितलं.

सुमतीताई पुढे सरकून बसल्या. "बेचाळीसच होते?"

"हो, ताई. बाकीचेही बरोबर होते तुमचे."

ऑफिसात कधी न बोललेली त्यांच्या कोन गावची बोली तोंडून बाहेर पडली. "म्हंजे माजं डोकं ठीक हाय? मला आयसारकं नाय ना झालं?" आणि पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या.

त्या रागावल्या असत्या तर तूबाला सोसलं असतं. हे बघवेना. तिला उठून पळावंसं वाटलं, पण ती बसून राहिली.

डोळे पुसून झाल्यावर सुमतीताईंनी विचारलं, "सरांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"मला एकटीला घरात येऊन सांगतेस. बोललीस तेव्हा चारचौघांत बोलली होतीस."

तूबाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तिने मुनाफचाचांना बोलावून घेतलं. सुमतीताईही आल्या, आपल्या जुन्या खुर्चीवर न बसता बाकावर बसल्या. तूबाने स्क्रीन सगळ्यांकडे वळवली, आकडे कसे बदलतात ते करून दाखवलं आणि म्हणाली, "ताईंना सगळं नीट आठवत होतं. शीट माझं चुकलं होतं. आणि डॉक्टरांचं मी बोलले, ते बोलायला नको होतं."

"ठीक आहे, दुरुस्त कर, संपला विषय," ठोसर घाईने म्हणाले.

"संपला कसा?" मुनाफचाचा म्हणाले. "बाई, मीही हसलो होतो त्या दिवशी. माफी असावी."

ठोसरांनी सुमतीताईंना परत या म्हटलं. त्या नाही म्हणाल्या. जिना उतरायला लागल्या तशी तूबा मागून गेली.

"ताई, मला माफ कराल?"

सुमतीताई कठड्याला धरून थांबल्या. "केलं असं म्हणवत नाही गं अजून. रात्र रात्र जागी असायचे मी. पोरांची नावं म्हणून बघायचे." मग एक पायरी उतरून म्हणाल्या, "पण फोन करत जा."

तूबा वर आली. शीट उघडून तिने एप्रिलचे अंदाज, बातम्या शोधून, एकेक करून हाताने लिहायला घेतले.