मरीआईचा गाडा आणि तटातलं गाव

मी मरीआईचा गाडा. गाडा नावालाच; एका माणसाच्या काखेत मावेन एवढाच. आमच्या मोगलाईत पटकीची साथ आली की असा गाडा करायचा, त्यात देवी बसवायची आणि पुढच्या गावाच्या शिवेवर सोडून यायचं. त्यांनी आणखी पुढं ढकलायचा. आपलं दुखणं शेजाऱ्याच्या दारात, अशी ही रीत.

तलवाड्याच्या अंगाला एका गावात बंकट सुतारानं मला लिंबाच्या लाकडातून घडवलं. घरचं माणूस साथीत गेल्याचं त्याचं रडणं आदल्या दिवशीच आटपलं होतं. बायांनी माझ्यात हिरवं लुगडं, चुडा, लिंबू ठेवलं. खाली साथीत गेलेल्यांच्या अंगावरच्या धडुत्यांचं गाठोडं. ओढायला मेंढरं राखणारा धुळाजी नेमला. पुढचं गाव तटबंदीचं, आणि त्याची बहीण सारजाबाई नेमकी तिथंच दिलेली.

जिथं पोचायचं नसतं तिथं माणूस रमतगमत जातो. धुळाजीनं अख्खा दिवस मला नदीकाठच्या पाणथळीतून फिरवलं. लव्हाळ्यात करकोचे उभे, चिखलात म्हशी डोळे मिटून पडलेल्या. तो तंबाखू मळायचा अन् म्हणायचा, "बघ आई, बघून घे. घाई न्हाई."

दिवस कलता वेस आली. लुटारू रोहिल्यांच्या धाकानं बांधलेला दगडी तट. दार बंद. दारातल्या छोट्या दिंडीतून सारजाबाई बोलली.

"दादा, काय आनलंस रं ते?"

"कळतंय की तुला."

"दुसरं गाव न्हवतं व्हय? माजी लेकरं हायत आत."

"पंचांनी वाट नेमली, बाई."

"मेंढरांसाठी दहा वाटा बदलतोस. भनीसाठी एक बदलंनास व्हय?"

शिवेवर सोडावं तर बहीण, माघारी न्यावं तर आपलं गाव. शेवटी त्यानं मला पाणथळीतल्या डोहात, गाठोड्यासकट बुडवलं. "हितंच नीज आई. कुनाकडंच जाऊ नगं." हात जोडले आणि हलक्या पावलानं गेला.

तटाच्या आत विहीर नाही. सकाळी सारजाबाई घागर घेऊन त्याच डोहावर आली. माझं टोक पाण्यावर दिसलं तशी तिनं पदर पसरला. सोबतीणीला म्हणाली, "बग, दादानं माजं ऐकलं." आणि पाणी हलवून घागर भरली.

पुढं ती घागर दुसरीच बाई आणू लागली. मग तीही येईना.

मी अजून इथंच आहे, शेवाळानं मऊ झालेला. इकडं आलात तर निवांत फिरा. पाखरं बघा, तट बघा. वेस आता उघडीच असते. पाणी तेवढं घरचं आणा.