दोन बोटांची फट

लेक पूल बांधते, हे बाबा चारचौघांत छाती फुगवून सांगत. घरात मात्र तिच्या कामाला नावं ठेवल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस! त्यांच्या तोंडून एकदा तरी ‘बरं केलंस’ ऐकावं, एवढीच तिची हाव. म्हणून उद्घाटनाआधी तिनं त्यांना महामार्गावरचा नवा पूल दाखवायला नेलं.

वर पोचताच बाबा थबकले. ‘ही फट बुजवायची राहिली?’

‘मुद्दाम ठेवलीय. खांबावर पुलाचे दोन तुकडे भेटतात. भूकंपात दोघं आपापल्या तालात हलणार. मध्ये जागा नसेल तर एकमेकांवर आपटून फुटतील.’

‘हलणारा पूल! आणि हे शिकायला सहा वर्षं लागली?’

मग शिडीनं खांबाच्या माथ्याशी जाऊन, पुलाचा आडवा गर्डर टेकतो ती जागा त्यांनी न्याहाळली. ‘एवढी रुंद बैठक? काँक्रीट काय फुकट आलंय?’

‘गर्डर सरकला तरी खाली पडू नये, म्हणून.’

बाबांनी बैठक वितीनं मोजली आणि ते शिडी उतरू लागले. आवडलं नाही, असंच तिनं धरलं आणि दिवसभर मनातून खट्टू राहिली.

घरीही तोच वाद होता. तिच्या अभ्यासासाठी बाबांनी जुन्या घराला एक खोली चिकटवली होती, अर्थातच फटीशिवाय. सांध्याला दरवर्षी तडा जायचा, दरवर्षी बाबा तो गिलाव्यानं बुजवायचे आणि दोष वाळूला द्यायचे.

पुढच्याच आठवड्यात, भरदुपारी जमीन हलली. ती पुलाकडे धावली. सगळे तुकडे जागच्या जागी होते, एक टवकाही उडाला नव्हता. पण घरी फोन केला तर बाबा उचलेनात.

धापा टाकत घरी येऊन बघते तर बाबा धुळीनं पांढरेफटक. सांध्याला हा लांबलचक तडा, आणि छिन्नी-हातोडा घेऊन बाबा तो आणखी फोडताहेत!

‘फोन का नाही उचललात?’

‘हात रिकामे आहेत का माझे?’ बाबांनी घाम पुसला. ‘तुझा पूल उभा आहे. गच्चीवरून बघितला.’ मग छिन्नी भिंतीला लावून, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, ‘किती ठेवू?’

उभ्या जन्मात त्यांनी कुणाला माप विचारलं नव्हतं.

‘दोन बोटं.’

‘कुणाची? तुझी की माझी?’

‘तुमची, बाबा,’ ती म्हणाली.