फकीरचाचांचा थांबा

देवयानी जुळे सोलापुरातल्या एका शाळेत संगीत शिकवायची. शाळेच्या बँडमधल्या मुलींसाठी तिला फकीरचाचांची एक धून हवी होती. चाचांनी चाळीस वर्षं वरातींत क्लॅरोनेट वाजवलं होतं. ही धून त्यांनी स्वतः बांधलेली. आता दम्यामुळे फुंकणं बंद झालं होतं, म्हणून त्यांनी ती गुणगुणून दाखवली. देवयानीनं एकेक स्वर कॉम्प्युटरवर नोटेशनमध्ये उतरवला आणि प्लेचं बटण दाबलं.

चाचांनी डोळे मिटून ऐकलं. "सूर बरोबर हायत, बाई. पन ह्यो गडी दम खातच न्हाय की!"

"कुठं थांबायला हवं?"

चढत्या ओळीचा शेवटचा स्वर चाचांनी गाऊन दाखवला. देवयानीनं त्यावर थांब्याची खूण ठेवली. सॉफ्टवेअर जेमतेम रेंगाळलं आणि पुढं धावलं. थांबा किती लांबवायचा याचा आकडा कुठं असतो, ते तिनं शोधून काढलं. दुप्पट केला, तिप्पट केला. आधीच्या दोन मात्रांची लय शंभरावरून सत्तरावर आणली, तेव्हा चाचांची मान डोलली. थांब्याला मात्र ते दर वेळी म्हणत, "अजून."

"चाचा, नक्की किती? मनात काही मोजत असाल ना?"

"मोजतंय कोन? वरात कोपऱ्यावर आली की घोडं वळायचं. नवरदेवाचं तोंड दिसलं की फुडचा सूर."

देवयानीनं विचारलं, "आणि घोडा अडला तर?"

"तर सूर ताणायचा! मंगळवेढ्यात एकदा हटूनच बसलं. ढोलवाला बघतोय माझ्याकडं, मी बघतोय घोड्याकडं." हसता हसता त्यांना खोकला आला. पाणी पिऊन ते खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "त्यो आकडा मी बदलू का?"

तिनं माऊस त्यांच्या हातात दिला. चाचा आकडा बदलत, ऐकत, पुन्हा बदलत. तासाभरात त्यांनी पाच वेगळे आकडे लावून पाहिले आणि पाचही त्यांना पटले.

छापील कागदावर देवयानीनं आकडा घातलाच नाही. थांब्यापाशी लिहिलं, 'सबाकडे बघा.' सबा बँडमध्ये ढोल वाजवायची; तिचं टिपरू ढोलावर पडलं की पुढचा सूर. सरावाच्या पहिल्या दिवशी तिनं घाईनं टिपरू टाकलं. दुसऱ्या दिवशी इतकं ताणलं की बासरी वाजवणाऱ्या चेतनाचा श्वास संपला आणि सगळ्या मुली हसल्या.

बाकावर बसून ऐकणारे चाचा खूश झाले. "आता कळाया लागलं पोरीला."