छत्तीस सेकंद

"बाई, ही गिटार की रडगाणं?" मशीनमामांनी एका कानावरचा हेडफोन सरकवत विचारलं आणि लगेच जीभ चावली. "सॉरी हं. घरची टेप म्हणालात, नाही का."

"माझ्या दादाची आहे," मात्राबाई म्हणाल्या. "तुम्ही नुसती कॉम्प्युटरवर उतरवून द्या."

त्या संगीतसंग्रहाच्या कचेरीतलं कॅसेट वाजवणारं शेवटचं यंत्र उद्या भंगारात जाणार होतं. जाता जाता मामा ज्याच्या त्याच्या घरच्या टेपा उतरवून देत होते. बाई दोन दिवस पर्समध्ये कॅसेट घेऊन हिंडल्या आणि सगळ्यांच्या शेवटी आल्या.

मात्राबाई हे नाव कचेरीनेच पाडलेलं, यंत्रं सांभाळणाऱ्या मशीनमामांसारखंच. एकतीस वर्षं त्या एकच काम करत आल्या होत्या. ध्वनिमुद्रण ऐकायचं आणि कार्डावरचे तीन रकाने भरायचे : गती, पट्टी आणि भाव. भावासाठी साहेबांनी अकरा शब्दांची यादी दिलेली होती. माणसाच्या मनात बारावं काही असू शकतं हे साहेबांना मान्य नव्हतं. बाईंना मोजायची सवय इतकी, की घरचा नळ गळायला लागला तर मिनिटाला किती थेंब हे त्या प्लंबरला फोनवर सांगत.

पण ही एक कॅसेट त्यांनी कधी मोजली नव्हती. तिला फक्त मनातल्या मनात एक शब्द देऊन टाकला होता. उदास.

दादाला बोटीवर नोकरी लागली तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. आईच्या मागे घरात तेवढाच एक बोलणारा माणूस, आणि तोही निघाला, म्हणून त्या आठ दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. तो निघाला त्या सकाळीही खोलीला आतून कडी लावून बसल्या. तो स्वयंपाकघरात गिटार वाजवत बसला होता. नंतर दाराशी आला, "येतो गं" म्हणाला. बाईंनी ओ दिली नाही. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ही कॅसेट सापडली; टेपरेकॉर्डर तो बरोबर घेऊन गेला होता. आठ महिन्यांनी बोटीवरच्या अपघाताची तार आली. वडिलांना ते वाजवणं ऐकवत नसे, म्हणून बाई वॉकमनला हेडफोन लावून ऐकत, आणि वडील गेल्यावरही तसंच ऐकत राहिल्या. संथ, जड वाजवणं, आणि शेवटी दादाचा थकलेला आवाज. आपण त्याला दुखवून पाठवलं, हे त्या दर वेळी नव्याने ऐकत.

"बाई, जरा गंमत सांगू?" मामा म्हणाले. "गिटारची सगळ्यात जाड तार ई सुराला लावतात. इथे ती पार खाली, डीच्याही खाली लोंबकळतेय. तार एवढी सैल असती तर खडखडली असती. आणि मागे काय टिकटिकतंय?"

"स्वयंपाकघरातलं घड्याळ. सेलवरचं. अजून चालतं."

"म्हणजे मिनिटाला साठ. मोजा बरं, तुमचंच काम आहे."

बाईंनी डोळे मिटले आणि मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"बावन्न," त्या म्हणाल्या.

"झालं तर! ज्या मशीनवर भरली ते जोरात पळत होतं. म्हणून चांगल्या मशीनवर ही रेंगाळते. तुमचे दादा असं वाजवतच नव्हते. थांबा, सरळ करतो."

त्यांनी कॉम्प्युटरवर दोन आकडे बदलले. दादा वाजवू लागला.

तीच धून, पण ती आता मिनिटाला नव्वदच्या चालीने, दोन-दोन पायऱ्या एकदम उतरणाऱ्या पोरासारखी खाली आली. पट्टी ई मेजर. मधे एकदा तो चुकला आणि चुकीवरच थोडा रेंगाळून पुढे गेला, मुद्दाम, कोणीतरी दाराआडून ऐकतंय हे माहीत असल्यासारखा. आणि शेवटी बावीस वर्षांच्या मुलाचा कोवळा आवाज, हसू दाबत : "येतो गं, फुगोबा."

बाईंनी पदर तोंडाला लावला.

"एवढी वर्षं मी त्याचा आवाजसुद्धा चुकीचाच..."

मामा थोडा वेळ वायरी गुंडाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "दोन्ही देऊ? जुनी साडेचार मिनिटांची होती. ही तीन चोपन्न."

"दादा छत्तीस सेकंदांनी कमी झाला," बाई म्हणाल्या. "नवीनच द्या."

घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढली आणि तशाच स्वयंपाकघरात गेल्या. आज हेडफोन घेतला नाही. टेबलावरच्या छोट्या स्पीकरला पेनड्राइव्ह लावला आणि दादा जिथे बसला असेल त्याच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. तारांच्या मागे टेपेतलं घड्याळ टिकटिकत होतं आणि डोक्यावर भिंतीवरचं. दोघांची चाल एक होती.

"येतो गं, फुगोबा."

"ये," बाई म्हणाल्या. "सावकाश जा."

स्पीकर गप्प झाला. भिंतीवरचं घड्याळ एकटंच चालू राहिलं. बाईंनी त्याच्या छत्तीस टिकटिक मोजल्या आणि मग उठून दिवा लावला.