मास्तरांचा डावा खिसा

मी एक पँट बोलतेय. हसू नका. सदरा बोलला की लोक कान देतात, पँटने तोंड उघडलं की तोंडावर हात धरतात. पण मला माणसांबद्दल एक कोडं पडलंय आणि ते पोटात ठेवून माझं पोट दुखायला लागलंय.

मला शिवलं एका शिंप्याने, स्वतःसाठीच. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. लहानपणच्या तापाने त्यांचा डावा पाय बारीक, लुळा राहिलेला. पाऊल टाकताना गुडघा दगा देतो, म्हणून तळहाताने मांडी दाबून धरावी लागते. हे कुणाला दिसू नये म्हणून मास्तरांनी माझ्या डाव्या खिशाला तळच ठेवला नाही. हात खिशात घालायचा, आतून थेट मांडीवर टेकवायचा आणि ऐटीत चालायचं. गल्लीतले लोक म्हणायचे, "मास्तरांचा रुबाब बघा, एक हात कायम खिशात!" मास्तर खूश, मीही खूश.

पण उजवा पाय बिचारा दोघांचं ओझं किती वर्षं वाहणार? त्याचाही गुडघा सुजला. मशीनचं पायडल मारवेना, टेबलाशी उभं राहून कापड बेतवेना. डॉक्टर म्हणाले, काम कमी करा, नाहीतर हाही पाय जाईल. काम कमी केलं तर घर कसं चालणार? म्हणून मास्तरांनी सरकारी अपंग पेन्शनसाठी अर्ज केला.

तपासणीच्या दिवशी त्यांनी मला कडक इस्त्री केली. मला नवल वाटलं. दुखणं दाखवायला जाताना कुणी इतकं नटतं का?

"चालून दाखवा," समितीतल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मास्तर हात खिशात घालून असे चालले, जणू पाहुण्यांकडे निघालेत.

"काही अडचण येते?"

"छे हो, जमतं की सगळं!"

जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलेला माणूस. जिभेला वळणच तसं पडलेलं. पुढच्या महिन्यात उत्तर आलं : चालण्यात विशेष अडचण दिसत नाही, अर्ज नामंजूर.

मास्तरांच्या बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलात, तोही बऱ्या पायावर!"

"अपील करता येतं. एखादा वकील गाठतो."

"वकील काय तुमच्या पायाने चालून दाखवणार आहे? तुम्हीच जा. आणि जाण्याआधी तो खिसा शिवून टाका."

मास्तर असे भडकले की विचारू नका. संध्याकाळी मात्र त्यांनी मला मांडीवर घेतलं, सुई ओवली आणि खिशाचं तोंड बंद केलं. एवढ्या रागातही टाके बारीक आणि सरळ. डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं.

अपिलाला मॅडम त्याच होत्या. मास्तर निघाले. हात सवयीने खिशाकडे गेला, तोंड बंद होतं. मग तो बाहेरून मांडीवर आला. कापडावरून हात निसटायचा, म्हणून दर पावलाला कमरेतून वाकायचं, मांडी दाबायची, मग पुढचं पाऊल. दारापासून टेबलापर्यंतची ती खोली संपता संपेना.

मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मागच्या वेळी ताठ चालला होतात. आज नाटक करताय का?"

दाराशी बायको उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला. आता पेन्शन तर जाणारच, वर लबाडीचा शिक्का बसणार, असं मलाही वाटलं.

"नाटक मागच्या वेळी केलं, मॅडम," मास्तर म्हणाले.

त्यांनी शर्टाच्या खिशातून छोटी कात्री काढली आणि माझे टाके उसवले. हात आत घालून ताठ चालून दाखवलं. मग खिसा उलटा केला. "याला तळ नाही. हात आतून मांडी धरतो. बायकोखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं."

मॅडमनी पुढे वाकून बघितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "उभं किती वेळ राहता येतं?"

जिभेवर 'जमतं की' आलं असणार. मास्तरांनी ते गिळलं. "एक शर्ट बेतेपर्यंत. मग बसावंच लागतं."

पेन्शन मंजूर झाली. माझं कोडं मात्र तसंच आहे. जे गल्लीत झाकल्याशिवाय मान मिळत नाही, तेच कचेरीत उघडं केल्याशिवाय मदत मिळत नाही. ही रीत कुणी पाडली? तुम्हाला माहीत असेल तर मला सांगा.

खिसा उसवलेलाच राहिला. आता हात कुठे जाणार, याची मला भारी उत्सुकता होती. दुसऱ्या दिवशी दुकानाकडे निघालो. हात खिशापाशी घुटमळला आणि मास्तरांनी तो बाहेरूनच मांडीवर टेकवला. समोरचा किराणावाला बघतच राहिला. मग त्याने स्टूल पुढे सरकवलं. "मास्तर, बसा जरा." मास्तर बसले.

त्याला आता वर्ष झालं. डाव्या मांडीवर, जिथे तळहात टेकतो तिथे, माझं कापड बाहेरून झिजून विरलंय. लवकरच ठिगळ लागेल. मास्तर, तुमच्याकडे एकच मागणं आहे. ठिगळ लावताना रंग जुळवत बसू नका.