दोन्या सेराफिनाच्या दारातली रांग

"शेवटचं कोण?" मिग्देलियाने विचारले, आणि मी सवयीने हात वर केला.

चूक झाली ती इथेच. मी आणि लिनो रांगेत नव्हतोच मुळी. दोन्या सेराफिनाच्या घराच्या पायरीवर, भिंतीच्या सावलीत, आम्ही दोघे म्हातारे दार उघडायची वाट बघत बसलो होतो. पण आमच्या सान हासिंतो गावात बंद दारापुढे दोन माणसे दिसली की वाटपाचे काहीतरी आले असणार असे धरून तिसरे माणूस 'शेवटचं कोण?' म्हणून विचारणारच. ज्याने हात वर केला त्याचा चेहरा ध्यानात ठेवायचा आणि खुशाल समोरच्या झाडाखाली जाऊन बसायचे. नंबर कुठे जात नाही. साऱ्या क्युबात हीच रीत. ती अंगात इतकी मुरली आहे की झोपेत कुणी विचारले तरी माझा हात वर जाईल.

"काय आलंय?" मिग्देलियाने कमरेवर हात ठेवून विचारले.

"काही नाही आलं."

"काही नाही म्हणे! दोन म्हातारे सकाळी सकाळी हवा खायला बसलेत होय? लपवू नकोस, एवेलियो. कोंबडी आलीय ना?"

"अगं, हे संग्रहालय आहे."

"मग? अंडी नव्हती का शाळेत वाटली?"

लिनोला गप्प बसवत नाही. डोमिनो खेळतानाही तो सरळ चेहऱ्याने थापा मारतो. तो हळूच म्हणाला, "आम्हाला बोलू नका म्हणून सांगितलंय."

झाले. मिग्देलिया धष्टपुष्ट काळी बाई, आवाज बाजारभर पोचणारा. तिने पिशवी उघडली, झटकली आणि आमच्या मागे ठाण मांडले.

आम्ही तिथे का बसलो होतो ते सांगतो. दोन्या सेराफिना, म्हणजे सेराफिना बाईसाहेब, ही जुन्या काळच्या साखर-व्यापाऱ्याची बायको; तिच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे, आणि सोरायदा नावाची बाई त्या घराची राखणदार. तरुण असताना कामाला लागली, आता केस पांढरे झाले. रोज सकाळी मोठाल्या खिडक्यांची दारे उघडायची, खुर्च्या-पलंग पुसायचे, आणि मग दाराजवळच्या खुर्चीत बसून राहायचे. ऊन सरकेल तशी ती खुर्ची सरकवायची. शाळेची मुले कधीतरी येत, एखादा वाट चुकलेला पाहुणा येई. एरवी ती आणि ते घर. मुलगा परदेशातून फोनवर म्हणे, "आई, सोड ते, इकडे ये." ती म्हणे, "खिडक्या कोण उघडेल?"

मागच्या आठवड्यात प्रांताच्या कचेरीतून निरोप आला. गुरुवारी कुणीतरी पाहणीला येणार. लोक येत नसतील तर घर बंद करायचे, सामान शहरातल्या मोठ्या संग्रहालयात न्यायचे, आणि इमारतीत कुणाचे तरी कोठार करायचे. सोरायदा आमच्या डोमिनोच्या टेबलाशी आली. कधी कुणाकडे काही न मागणारी बाई. म्हणाली, "तुम्ही दोघं गुरुवारी या. नुसतं फिरा. माणसं येतात एवढं दिसू दे."

मी त्या घरासमोर जन्म काढला, पण आत पाऊल टाकले नव्हते. आमच्यासारख्यांचे तिथे काय काम, असे वाटे. तरी हो म्हणालो.

मिग्देलियाच्या मागे एक सायकलवाला आला. त्याच्या मागे रात्रपाळी संपवून घरी निघालेली नर्स. मग न्हावी ऑक्ताव्हियो दुकान टाकून आला, आणि त्याच्या मागोमाग त्याचे गिऱ्हाईक, अर्ध्या तोंडाला साबण तसाच.

"अरे, माझी दाढी तर पुरी कर!"

"दाढी काय, उद्याही वाढेल. कोंबडी उद्या असेल का?"

रांग कोपऱ्यापर्यंत गेली तेव्हा कोंबडीचे गोठवलेले मासे झाले होते. कोपरा वळल्यावर माशांचे तेल झाले. पार टोकाला गाद्या आल्याची बातमी होती.

एवढ्यात करड्या रंगाची जीप थांबली. चष्मा लावलेली, बगलेत फाइल धरलेली एक बाई उतरली. लिनोने मला कोपर मारले. बाईने दारावरची पितळी पाटी वाचली, रांगेकडे पाहिले. मला वाटले, आता ती सोरायदाला हाक मारणार. तिने तोंड उघडले आणि म्हणाली,

"शेवटचं कोण?"

तिकडून कुणीतरी हात वर केला.

"काय देताहेत?"

"कोंबडी म्हणतात, बाई. कुणी गाद्याही म्हणतात."

"बरं झालं. माझं काम इथंच आहे, तोवर नंबरही लागेल," असे म्हणत तिने फाइलीच्या आतून घडी केलेली कापडी पिशवी काढली. कचेरी मोठी असो की लहान, पिशवीशिवाय आमच्याकडे कुणी घराबाहेर पडत नाही. लिनो काहीतरी बोलणार होता. मी त्याच्या पायावर पाय दिला.

घड्याळाच्या ठोक्याला सोरायदाने दार उघडले. इस्त्रीचा गणवेश, ओठांना जरासा रंग. तिने दोन म्हातारे दिसतील या हिशेबाने दार उघडले होते. रस्ताभर माणसे पाहून तिचा हात अडसरावरच राहिला. तिने माझ्याकडे पाहिले. मी खांदे उडवले.

"चल, सोरायदा, सुरू कर!"

"घरटी किती देणार?"

"आधी म्हाताऱ्यांना सोड, नाहीतर इथंच मरतील!"

खोटे बोलायची संधी चालून आली होती. तिने 'आत या, बघू' एवढे म्हटले असते तरी भागले असते. पण ती पायरीवर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "काही आणलेलं नाही. वाटप नाही. हे दोन्या सेराफिनाचं घर आहे. बघायचं असेल तर या."

 सायकलवाल्याने एक शिवी हासडली आणि तो निघून गेला. मला वाटले, आता सगळे पांगणार, आणि चष्मेवाली बाई ते बघणार.

ऑक्ताव्हियो न्हावी म्हणाला, "एवढा वेळ उन्हात काढलाय. आता नंबर लागला तर सोडायचा?"

"सोडायचा कशाला?" नर्स म्हणाली. "लागलेला नंबर मी आजवर सोडलेला नाही."

मागून कुणीतरी कुजबुजले, "ती सांगत नाही. मागच्या अंगणात असेल." आणि रांग आत शिरली.

आत गारवा होता. छत इतके उंच की आपोआप मान वर गेली. खिडक्यांवरच्या अर्धगोल रंगीत काचांतून ऊन फरशीवर पडले होते. नर्सचा पांढरा झगा लाल झाला, निळा झाला, तिने दोन पावले मागे येऊन पुन्हा लाल करून बघितला. साबणवाल्या गिऱ्हाइकाला सोनेरी चौकटीच्या आरशात पहिल्यांदा कळले की आपण कुठल्या अवतारात गावभर फिरतो आहोत.

सोरायदा सांगू लागली. सुरुवातीला पाठ म्हटल्यासारखे, खाली बघत. पण लोक विचारू लागले.

"एवढ्या पलंगावर बाई एकटीच निजायची?"

"नवरा साखरेच्या व्यापारासाठी फिरतीवर असायचा."

"फिरती कुठवर? शेजारच्या गल्लीपर्यंत?"

"शेजारच्या गल्लीपर्यंतच," सोरायदा म्हणाली. "तिकडंही पोरं होती त्याची. सगळ्यांची नाकं सारखी."

घर हसण्याने भरले. त्या पलंगाजवळ याआधी इतकी माणसे हसली असतील असे मला वाटत नाही. सोरायदाचा आवाज मोकळा झाला. ती हात हलवत बोलू लागली, एका खोलीतून दुसरीत चालू लागली, आणि आम्ही तिच्या मागे. गाद्यांची वाट बघणारेसुद्धा.

मागच्या अंगणाला लागून एक खोली आहे. तिला खिडकी नाही, छताजवळ एक झरोका आहे फक्त. आत सामान काही नाही. लोक डोकावून पुढे जात होते. मिग्देलिया थांबली.

"इथे कोण राहायचं?"

"पाणी भरणाऱ्या, धुणं धुणाऱ्या, पोरांना अंगावर पाजणाऱ्या," सोरायदा म्हणाली. "विकत घेतलेल्या."

"किती जणी?"

"आकडा ठेवलाय. नावं नाही ठेवली."

मिग्देलियाने भिंतीला हात लावला.  "माझ्या आजीची आई अशाच कुठल्यातरी घरात होती," ती म्हणाली. "कुठल्या, ते आजीलाही ठाऊक नव्हतं."

"मी दुपारचं जेवण इथेच बसून जेवते," सोरायदा म्हणाली. "पुढं खुर्च्या आहेत. पण जेवते इथे."

मिग्देलिया खाली उंबऱ्यावर बसली. ऊन, उभे राहणे, की आणखी काही, तिचा चेहरा उतरला होता. "थोडं पाणी दे गं बाई."

गावात नळाला कितीतरी दिवस पाणी नव्हते. सोरायदाची बाटली रिकामी होती. पण बोळात लाकडी जाळीच्या कपाटात एक जुना, पाणी गाळायचा दगड होता. वरच्या दगडी वाडग्यात पाणी ओतायचे, ते दगडातून झिरपून थेंब थेंब खालच्या मातीच्या रांजणात पडते. पुढे दोरी बांधलेली, आणि पाटी: हात लावू नये. दगड कोरडा पडला तर तडकेल म्हणून सोरायदा रोज सकाळी अंगणातल्या हौदातून बादली काढून तो भरत असे. मग रांजणातले पाणी झाडांना घालत असे.

तिने पाटीकडे पाहिले. चष्मेवाली बाई हातात पिशवी धरून तिच्या अगदी मागे उभी होती. सोरायदा तिला ओळखत नव्हती. मी मात्र ओळखून होतो.

"सोरायदा, थांब," मी हळूच म्हणालो.

तिने ऐकले असावे. पण तिने दोरी सोडली, स्वतःचा ॲल्युमिनियमचा पेला आणला आणि रांजणात बुडवला.

"या दगडाचं पाणी घरच्या मालकांसाठी," ती मिग्देलियाला म्हणाली. "भरणाऱ्यांनी हौदाचं प्यायचं, असा नेम होता."

मिग्देलियाने पेला हातात घेतला. ती उठून उभी राहिली, बाहीने चेहरा पुसला, आणि एका दमात पेला संपवला.

"गार आहे," ती म्हणाली. "आणखी दे."

दुसरा पेला तिने सावकाश घेतला, घोट घोट. कुणी घाई केली नाही. मग तिने पेला परत दिला, बाहेरच्या दाराकडे तोंड केले, आणि तिचा बाजारभर पोचणारा आवाज घरातून रस्त्यावर गेला:

"पाणी आहे! दगडातलं! कुणी नंबर सोडू नका रे!"

त्यानंतर ती रांग खरी झाली. दगड आपल्याच चालीने झिरपतो, त्याला घाई ठाऊक नाही. त्यामुळे पेल्याची वाट बघत लोक घरभर रेंगाळले. कुणी तुळयांवरची नक्षी बघे, कुणी रंगीत काचेखाली पोरांना उभे करी. सोरायदाला एकाच वेळी चौघे काहीतरी विचारत. ऑक्ताव्हियोने आणि त्याच्या गिऱ्हाइकाने हौदावरून बादल्या आणून दगड भरता ठेवला. पहिला नंबर आमचा होता, पण मी आणि लिनो बऱ्याच उशिरा प्यालो. त्या पाण्याला दगडाची आणि सावलीची चव होती.

चष्मेवाली बाई मध्येच पुढे घुसायला गेली तेव्हा नर्सने तिला मागे धाडले. "सगळे थांबलेत, बाई. तुमचा चष्मा जास्त तहानलाय का?"

तिचा नंबर दुपार टळल्यावर लागला. पाणी पिऊन तिने पेला खाली ठेवला आणि आपण कोण ते सांगितले. सोरायदाचे दोन्ही हात ओले होते, ती ते गणवेशालाच पुसू लागली.

"रोज एवढे लोक येतात?"

"नाही," सोरायदा म्हणाली. "आज चुकून आलेत. कोंबडी समजून."

मी डोळे मिटले. या बाईला कुणी एकदा तरी खोटे बोलायला शिकवायला हवे होते.

"ठाऊक आहे," बाई म्हणाली. "मीही कोंबडीसाठीच उभी होते." तिने पिशवीची घडी घातली, बारीक, अगदी बारीक. "पण तुम्ही दारात खरं सांगितलंत. त्यावर परत किती गेले?"

"एक सायकलवाला," लिनो मध्येच म्हणाला.

"मला एवढंच बघायला पाठवलंय की लोक येतात की नाही. मला गर्दीतून या पेल्यापर्यंत पोचायला दुपार टळली. मी तेच सांगणार." मग तिने दोरीकडे बोट दाखवले. "ही परत बांधा."

सोरायदाचा चेहरा पडला.

"जरा पलीकडे बांधा. रांजणापर्यंत हात पोचला पाहिजे."

मिग्देलियाने तिला असे कवटाळले की चष्मा वाकडा झाला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळे घर वाजू लागले. बाहेर ज्यांना काही कळले नव्हते तेही टाळ्या वाजवू लागले, बहुधा गाद्या आल्या असे समजून.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली तेव्हाही माणसे कोपऱ्यापर्यंत उभी होती. सोरायदा खिडक्या लावून दारात आली. इतकी वर्षे ती दार लावून मुकाट घरी जात होती. कुणाला काही सांगायचे नसायचे, कारण पायरीवर कुणी नसायचेच.

तिने केस सारखे केले, एक हात वर धरला.

"आजचं बंद," ती म्हणाली. "उद्या या."

आणि मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "उद्या या." पहिल्यांदा कुणाला ऐकू गेले नव्हते, म्हणून नव्हे.