केशरच्या वाटणीचा बांध

संक्रांत होऊन गेली तरी केशरच्या मळ्यात हिरवं पान नव्हतं. शेजारी झिलूच्या मळ्यात वांगी लोंबत होती, मिरची फुलावर आली होती आणि कडेनं झेंडू पिवळाधमक झाला होता. तो झेंडू दिसला की केशरच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

अणशीजवळच्या त्या वाडीत भात कापून झालं की ओहोळाला दगडमातीचा बांध घालतात. दहा घरं, घरटी एक माणूस, घरटी चार पावलं बांध. ज्यानं त्यानं आपली चार पावलं रचायची, फुटली तर त्यानंच सांधायची. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही. मग तुंबलेलं पाणी पाटानं मळ्यांत येतं आणि घराघराची पाळी लागते. केशरचा नवरा होता तोवर तो जायचा, पुढं मुलगा नागेश. यंदा नागेश गणेशगुडीला पर्यटकांच्या होड्या वल्हवत होता आणि त्याला रजा मिळेना. म्हणून केशर स्वतः गेली. दोन दिवस गुडघाभर गार पाण्यात उभं राहून तिनं दगड रचले, फटींत पाला आणि चिखल ठासला. कुणी नको म्हटलं नाही. झिलूनं तर वर शाबासकी दिली.

झिलू तिचा धाकटा चुलतदीर आणि वाडीचा बुधवंत. वाडी त्याच्या शब्दावर चालायची. तिसऱ्या दिवशी पाळ्या लावताना त्यानं केशरचं घर गाळलं.

"वैनी, रीत गड्याची हाय. बाईमाणसाचं काम धरत न्हाईत. नागेश येऊं दे, मग बगू."

दोन दिवस राबवून घेताना ही रीत कुठं शेण खायला गेली होती? पण तेव्हा केशर गप्प बसली. नागेश आज येईल, उद्या येईल, म्हणत दोन महिने घालवले. झिलूपेक्षा तिला स्वतःच्या त्या गप्प बसण्याचाच जास्त राग होता.

संक्रांतीनंतर तिनं वाट बघणं सोडलं. वांगी-मिरचीचे दिवस गेले होते. लवकर येणारं तेवढं घेतलं: लाल माठ, मुळा आणि झेंडू. कुदळीनं वाफे केले, शेणखत-राख मिसळली, बी टाकलं आणि खालच्या डोहातून कळशीनं पाणी वाहिलं. खांदा सुजला. आठव्या दिवशी बारीक कोंब दिसले आणि दहाव्या दिवशी दुपारच्या उन्हात निम्मे करपले. तेव्हा झिलूचा मळा भरून पाणी वाटेवर वाहत होतं.

"भावजी, ते वाया जातंय, तेवढं तरी इकडं वळवा."

झिलू हसला. "आदीच उशीर केलात, वैनी. आता कसली बाग करताय?"

म्हणे उशीर तिनं केला होता! केशरनं कळशी तिथंच ठेवली. कुदळ घेऊन तडक ओहोळावर गेली आणि आपली चार पावलं उपसायला लागली. फक्त आपली. शेजारच्या दगडाला तिनं बोटही लावलं नाही. पाणी धो धो खाली गेलं. अर्ध्या तासात पाट कोरडा पडला आणि झिलू धापा टाकत आला, मागं त्याची बायको सुमंगला.

"काय केलंत हे? वाडीचा बांध फोडलात!"

"वाडीचा न्हवं. माजा."

"नऊ घरांची भाजी वाळंल!"

"माजं काम धरलंच न्हाई न्हवं? मग ते काढलं तर तुमचं काय गेलं?"

झिलू दगड उचलायला वाकला आणि थांबला. दुसऱ्याच्या चार पावलांत हात घालायचा नाही, ही रीत त्यानंच भर सभेत कितीदा सांगितली होती. सुमंगलाला मात्र धीर निघेना. मळा तीच शिंपायची, तीच खुरपायची. ती पदर खोचून पाण्यात उतरली आणि तिनं एक दगड उचलला.

"ठेव खाली," केशर म्हणाली. "तुजं काम तरी कोण धरतंय?"

सुमंगलानं नवऱ्याकडं पाहिलं. मग हातातला दगड पाण्यात सोडून दिला आणि केशरच्या शेजारी काठावर जाऊन बसली.

झिलू खाकरला. "सोमवारी तुमची पाळी लावतो, वैनी."

"सोमवारपातुर माजे कोंब ऱ्हात न्हाईत," केशर म्हणाली. "आज."